रत्नाकरला येणारी एकच प्रार्थना

लकव्याच्या झटक्यानंतर महिना उलटून गेला तरी रत्नाकर वाघचौरेच्या तोंडून धड शब्द फुटला नव्हता. ‘अं’ आणि ‘हं’ एवढंच. आणि मग एका तिन्हीसांजेला त्याच्या बायकोने, शकूने, ट्यूबलाइटचं बटण दाबलं, तसा तो पलंगावरून एकदम खणखणीत आवाजात बोलला.

“बापा, दिस मावळला, दिवा लागला. दार लावलं, चूल निवाली. भाकर दिलीस, पोट भरलं. घरात आहेत त्यांना पदराखाली घे. वाटेत आहेत त्यांना घरी आण.”

शकूचा हात बटणावरच राहिला. मग ती धावत आतल्या खोलीत गेली. “समीक्षा! अगं, पप्पा बोलले! ऊठ, पप्पा बोलले!”

मुलगी कानातले हेडफोन काढून धावत आली. दोघी पलंगाच्या कडेला बसल्या. शकूने त्याचा हात हातात घेतला. “अहो, पाणी देऊ? पाणी हवं ना?” रत्नाकर तिच्याकडे बघत राहिला. ओठ हलले. “अं... अं...” त्याने डोकं उशीवर आपटलं, डोळे घट्ट मिटले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. “बापा, दिस मावळला, दिवा लागला...”

“मम्मी, हे काय आहे?” समीक्षाने हळूच विचारलं.

शकूलाही तेच विचारायचं होतं. संसाराला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि या माणसाच्या तोंडून हे शब्द तिने आजवर कधी ऐकले नव्हते.

रत्नाकर लिफ्टचा मेकॅनिक. ठाण्यातल्या उंच इमारतींच्या लिफ्ट बंद पडल्या की याला फोन. बोलका माणूस, अडकलेल्या लोकांना लिफ्टच्या दाराबाहेरून गप्पा मारून धीर द्यायचा, असं त्याच्याबरोबरचे लोक सांगायचे. घराणं नगरकडचं, ख्रिस्ती. वडील कारखान्यात लागले म्हणून विठ्ठलवाडीला आलेलं. शकू साताऱ्याकडच्या डोंगरातली, हिंदू. दोघांनी कोर्टात जाऊन लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांची दारं बंद झाली. शकूच्या भावाने, काळुरामने, पुढे समीक्षा झाल्यावर येणं-जाणं सुरू केलं. रत्नाकरच्या घरचं मात्र तुटलं ते तुटलंच. तेव्हा दोघांनी मिळून एक ठरवलं होतं. घरात देव्हारा नको आणि क्रूसही नको. भांडण नकोच. ते त्यांनी पाळलंही. नाताळात खिडकीत चांदणी लागायची, गणपतीला शकू कल्याणला भावाकडे जायची, आणि बाकी वर्षभर कोपरच्या त्या दोन खोल्यांत देवाचा विषय निघायचा नाही.

मग हा बाप कोण, आणि तो रत्नाकरच्या तोंडात आला कुठून?

स्पीच थेरपीच्या मेघना मॅडम तरुण होत्या, पण घाई करायच्या नाहीत. त्यांनी रत्नाकरला पेन दाखवलं, चमचा दाखवला, त्याची स्वतःची चप्पल दाखवली. प्रत्येक वेळी तो घामाघूम व्हायचा आणि शेवटी प्रार्थना म्हणायचा.

“असं होतं काकू,” मॅडम म्हणाल्या. “लहानपणी पाठ झालेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं. कुणाला पाढे येतात, कुणाला गाणं येतं. एक आजोबा फक्त शिव्या द्यायचे. त्याचा अर्थ त्यांना कळतोय असं धरून चालू नका.”

“म्हणजे ते देवाशी बोलत नाहीयेत?”

“ते मी कसं सांगू?”

“आणि म्हणताना रडतात ते?”

“रडणंही असंच येतं या आजारात. त्यावरूनही काही ठरवता येत नाही.”

शकू रिक्षात बसली तेव्हा तिचं डोकं जड झालं होतं. शब्दांवर विश्वास ठेवायचा नाही, रडण्यावरही ठेवायचा नाही. मग माणसाला ओळखायचं तरी कशावरून?

घरात तर त्या प्रार्थनेचा नुसता गोंधळ झाला. रत्नाकरला लघवीला जायचं असलं तरी तीच. उकडत असलं तरी तीच. आमटीत मीठ कमी पडलं तेव्हा त्याने ताट सरकवून, डोळे वटारून अख्खी प्रार्थना अशी काही म्हटली की ती प्रार्थना आहे हे परक्या माणसाला कळलंच नसतं. शकू सकाळी पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जायची तेव्हा शेजारच्या बायजामावशी त्याच्याजवळ बसायच्या. त्या इथल्याच जुन्या गावातल्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी पदर सावरून हात जोडले होते. “काय गो शकू, याचे आंगान देव आयलाय का काय?” काळुरामदादा आला तो मात्र खाली मान घालून ऐकत राहिला आणि जाताना दारात म्हणाला, “हे त्यांच्या बहिणीचं काम असणार. हॉस्पिटलात येऊन कानात काहीतरी सांगून गेली असेल. जपून राहा.”

बहीण हॉस्पिटलात आलीच नव्हती. तिला कुणी कळवलं नव्हतं. पण दादाच्या बोलण्याने शकूला तिची आठवण झाली. हे कसलं बोलणं आहे ते सांगू शकेल असं जगात तेवढंच एक माणूस उरलं होतं.

मार्थाआक्का विठ्ठलवाडीला स्टेशनपासून जवळच, जुन्या बैठ्या घरात राहायची. नर्स होती, आता निवृत्त. शकूने तिला शेवटचं सहा वर्षांपूर्वी पाहिलेलं, सासूबाईंच्या मातीला. तेव्हा दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आता आक्काने दार उघडलं.

“रत्ना गेला का?” तिने विचारलं.

“नाही, नाही! आहेत. पण बोलत नाहीत. म्हणजे, एकच बोलतात.” आणि शकूने उंबऱ्यात उभ्याउभ्याच ते म्हणून दाखवलं. बापा, दिस मावळला. ऐकून ऐकून तिलाही पाठ झालं होतं.

आक्का खाली बसली. तिने शकूलाही हाताने खुणावून बसवलं. “आईचं आहे ते,” ती म्हणाली. “आईला वाचता येत नव्हतं. दिवा लावताना स्वतःच्याच मनाचं बोलायची. आम्हाला रोज म्हणायला लावायची, मग जेवण.”

“बापाला पदर कुठला, आक्का?” शकूच्या तोंडून निघून गेलं. इतके दिवस तिला ते टोचत होतं.

आक्का हसली. “चर्चचे पाळकसाहेबपण हेच विचारायचे आईला. ती म्हणायची, मला आहे, मग त्याला नसेल का?” मग तिचं हसू मावळलं. तिच्या कपाळाला आठी पडली. “थांब. शेवटचं काय म्हणालीस?”

“वाटेत आहेत त्यांना घरी आण.”

“हे आमच्या लहानपणी नव्हतं. पदराखाली घे, इथं संपायचं. हे आईनं मागनं जोडलं. रत्ना तुझ्याबरोबर गेला त्यानंतर.”

“मग ह्यांना कसं येतं?”

लग्नानंतर रत्नाकरने या घरात पाऊल टाकलं नव्हतं. म्हणजे तसं दोघींनाही माहीत होतं. आक्काच्या वडिलांनी मरताना त्याचं नाव घेऊ दिलं नव्हतं. आईच्या कबरीपाशी घरच्यांनी मिळून लहानपणीची तीच प्रार्थना, ‘पदराखाली घे’पर्यंत, म्हटली तेव्हा शकू लांब फाटकाशी होती, तिला ती ऐकू गेली नव्हती, आणि रत्नाकर ओठ मिटून उभा होता. आक्काने ते पाहिलं होतं आणि त्याला मनातून कधी माफ केलं नव्हतं.

“माझी दुपारपाळी असायची,” आक्का हळूहळू म्हणाली, एकेक शब्द तपासत. “रात्रीच घरी यायचे. आई एकटी असायची. समोरची एकदा म्हणाली मला, तुमचा लिफ्टवाला भाऊ येऊन गेला वाटतं. मी तिला झापलं. म्हटलं, भलतंच काय बोलतीस.”

शकूला ठाण्याचे ब्रेकडाउन आठवले. ‘उशीर होईल गं, मोठं काम निघालंय.’ दर आठवड्याला एखादं तरी निघायचंच. हात काळे नसायचे त्या दिवशी. तिने ते पाहिलेलं, पण त्यावर कधी विचार केला नव्हता.

घरी आल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत. पलंगासमोर उभी राहिली. “तुम्ही आईंकडे जायचात?”

रत्नाकरने तिच्याकडे पाहिलं.

“मला का नाही सांगितलं? मी नको म्हटलं असतं का? सांगा ना. नुसती मान हलवा. जायचात?”

त्याची मान हलली. पण ती हो होती की नाही, ते तिला कळलं नाही. हल्ली त्याची मान दोन्हीकडे हलायची. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तेही आजाराचं की त्याचं स्वतःचं, कोण सांगणार? “बापा,” तो म्हणाला, “दिस मावळला...”

बाहेर लख्ख ऊन होतं. शकू स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांडी घासायला बसली.

पुढचे कित्येक दिवस ती त्याच्यावर रागावली होती आणि त्याचं सगळं करतही होती. आंघोळ, औषध, उजव्या हाताची मालीश. राग कशाचा ते तिलाच सापडेना. तो आईला भेटला याचा? छे. मग लपवलं याचा? पण ठरलेलं मोडायचं नाही म्हणूनच तर लपवलं असेल. की तो आईसाठी नव्हे, त्या प्रार्थनेसाठीच जात होता? आपण ज्याच्याशेजारी इतकी वर्षं झोपलो तो माणूस मनातून कुणाला हाक मारत होता? प्रश्न त्याला विचारायचा, तर उत्तरही तेच येणार.

मेघना मॅडमना तिने एवढंच सांगितलं की ती प्रार्थना त्यांच्या आईची निघाली. मॅडम खूश झाल्या. “मग आपण तीच वापरू. तुम्ही ओळ म्हणायची आणि शेवटचा शब्द सोडायचा. तो त्यांनी भरायचा. रोज करायचं. कंटाळा आला तरी.”

“पण मी ती म्हणायची?”

“का, काही प्रॉब्लेम आहे?”

प्रॉब्लेम होता, पण सांगण्यासारखा नव्हता. ज्या देवाला आपण ओळखत नाही त्याला रोज बापा म्हणून हाक मारायची, आणि तीही हाक म्हणून नव्हे, व्यायाम म्हणून. हे त्या देवाला चालेल का? आणि तो नसेलच, तर आपण कुणाला विचारतोय?

तिने सुरुवात केली. “बापा, दिस मावळला, दिवा...” आणि थांबायची. रत्नाकर पुढची सगळी प्रार्थना एका दमात म्हणून टाकायचा. “नाही हो. फक्त एक शब्द. दिवा...” पुन्हा तेच. पहिला महिना असाच गेला, दुसराही गेला. आक्का आता रविवारी दुपारी डबा घेऊन यायला लागली होती. तीही बसून म्हणायची. समीक्षा घरूनच चाललेल्या ऑफिसच्या मीटिंगमधून उठून म्हणायची. केंद्रात पोळी लाटताना शकूच्या लाटण्याला ते शब्द लागायचे. दार लावलं, चूल निवाली. बाजूची बाई विचारायची, काय पुटपुटतेस? शकू म्हणायची, काही नाही, ह्यांचा अभ्यास.

एका दुपारी त्याने खिचडीची वाटी भिंतीवर फेकली. का फेकली ते कळायला मार्ग नव्हता. गरम होती? नको होती? शकूच्या साडीवर, कॅलेंडरवर, सगळीकडे शितं उडाली. आणि तो प्रार्थना म्हणायला लागला.

“पुरे!” ती किंचाळली. नवऱ्याला तिने आयुष्यात कधी अरे-तुरे केलं नव्हतं, ते त्या दिवशी निघालं. “तुझ्या त्या बापाला सांग, मला दमायला झालंय म्हणावं. ऐकतो ना तो? मग सांग त्याला!”

दार आपटून ती जिन्यात जाऊन बसली. खाली कुणीतरी मोटारीचं पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता. ती रडलीही नाही. आता इथून उठायचंच नाही असं तिच्या मनात आलं. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपले ओठ हलतायत. वाटेत आहेत त्यांना घरी आण. समोर रत्नाकर नव्हता, कुठला शब्द गाळायचा नव्हता. मग ही कुणासाठी म्हणतोय आपण? तिने वाट पाहिली. आत काही हललं नाही, कुठे उजेड पडला नाही. बायजामावशींच्या घरात मिक्सर सुरू झाला. थोड्या वेळाने शकू उठली, कारण आत गॅसवर दूध होतं. दूध उतू गेलं नव्हतं. तिने फडकं घेतलं आणि भिंत पुसायला लागली. रत्नाकर डाव्या हाताने अंगावरची शितं वेचून वाटीत टाकत होता.

त्यानंतर काही दिवसांनी, एका सकाळी बेल वाजली आणि तो म्हणाला, “दार.”

शकूला वाटलं पुढची ओळ येईल. आली नाही. बेल पुन्हा वाजली. तो पुन्हा म्हणाला, चिडून, “दार!” ती तशीच उभी. शेवटी समीक्षाने दार उघडलं आणि कुरियरवाल्यासमोरच ओरडली, “मम्मी! पप्पांनी दार म्हटलं! फक्त दार!”

मग हळूहळू एकेक शब्द त्या प्रार्थनेतून सुटून बाहेर आला. दिवा, म्हणजे लाइट, पंखा, टीव्ही, बटणावर चालणारं काहीही. भाकर, म्हणजे जेवण. घरी, म्हणजे हॉस्पिटलातून आता निघू या. आणि शकूला हाक मारायची असली की तो म्हणायचा, “पदर.” तिने हजार वेळा शिकवलं. शकू म्हणा. श, शकू. तो मन लावून तिच्या ओठांकडे बघायचा आणि म्हणायचा, “पदर.” मेघना मॅडमनी सांगितलं, शब्दांची अदलाबदल होते, मनाला लावून घेऊ नका. आक्का म्हणाली, अगं वेडे, यापेक्षा मोठं नाव काय देणार तो तुला? शकूला दोन्ही पटायचं आणि दोन्ही पटायचं नाही. पण ती ओ द्यायला लागली.

तो काठी घेऊन चालायला लागला तसा रविवारी दाराकडे बोट दाखवून “बापा, बापा” करायला लागला. आक्काने ओळखलं. कल्याणच्या मराठी चर्चमध्ये त्याला न्यायचं ठरलं. शकू सोबत गेली, कारण जिना उतरताना त्याला तिच्याच खांद्याची सवय होती. ती सगळ्यात मागच्या बाकावर बसायची. लोक उठले की उठायची, बसले की बसायची. आपण इथे कोण, हे तिला कळत नव्हतं. भाद्रपदात भावाकडे आरतीला उभी राहिली तेव्हाही कळलं नाही. काळुरामदादाने तिच्याकडे रोखून पाहिलं. “बाटलीस का काय?” त्याने विचारलं. ती म्हणाली, “दादा, मलाच माहीत नाही रे.” त्याला वाटलं ती टाळतेय. तिने खरं तेच सांगितलं होतं.

पाळकसाहेबांनीही एकदा विचारलं, पण वेगळ्या तऱ्हेने. उपासना संपल्यावर रत्नाकर बाहेर बाकावर चहा पीत होता, तेव्हा ते शकूजवळ आले. “ताई, तुमचा विश्वास आहे का, असं मी विचारणार नाही. पण तुम्ही काही विचारायचं असेल तर विचारा.”

शकूने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “साहेब, वर्ष झालं मी ह्यांच्याशी बोलतेय. कळतंय की नाही ते माहीत नाही. उत्तर येतं ते कशाचं येतं तेही माहीत नाही. पण कळतंय असं धरूनच बोलते. नाहीतर हात चालत नाहीत माझे. आता संध्याकाळी ती प्रार्थना म्हणताना पण तसंच होतं. कुणीतरी ऐकतंय असं धरून म्हणते. याला विश्वास म्हणतात का?”

“मला रोज सकाळी यापेक्षा फार जास्त काही हातात सापडतं असं नाही,” पाळकसाहेब म्हणाले. “येत राहा.”

तिला वाटलं होतं ते हो म्हणतील किंवा नाही म्हणतील. घरी येताना रिक्षात ती त्या उत्तराचाच विचार करत राहिली. पण गंमत अशी की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रत्नाकर झोपलेला होता, व्यायाम करायचा नव्हता, तरी तिने दिवा लागल्यावर उभं राहून प्रार्थना म्हटली. समीक्षा ऑफिसातून यायची होती, म्हणून शेवटची ओळ जरा सावकाश म्हटली.

रत्नाकर पुन्हा लिफ्टच्या कामाला गेला नाही. जाणारही नाही. त्याचे शब्द बोटांवर मोजण्याइतकेच राहिले, आणि आईकडे तो जात होता की नाही, गेला तर कशासाठी, याचं उत्तर शकूला मिळालं नाही. सुरुवातीला ती रोज त्याच्या डोळ्यांत ते शोधायची. मग आठवड्यातून एकदा. आक्काने आणि तिने मिळून दरवर्षी सासूबाईंच्या कबरीवर फुलं ठेवायला जायचं ठरवलं. पहिल्या वेळी रत्नाकर तिथे मोठ्याने प्रार्थना म्हणाला आणि आक्का त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. शकू बाजूला उभी होती. तिला बरं वाटलं, आणि थोडं परकंही.

यंदा नाताळच्या आधी चर्चमधल्या बायकांची प्रार्थनासभा शकूच्या घरी ठरली. दोन खोल्यांत माणसं मावेनात. बायजामावशींनी त्यांच्याकडच्या चटया दिल्या आणि स्वतःही येऊन भिंतीशी बसल्या. गाणी झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं, आणि पुढारी बाई म्हणाल्या, “आता घरमालकिणीने प्रार्थना करावी.”

शकूने घाबरून आक्काकडे पाहिलं. आक्काने डोळे मिटून घेतले होते. आता सुटका नव्हती.

“बापा,” शकू म्हणाली. सासूबाईंची ओळ म्हणावी की आपलं काहीतरी? “बापा, मला नीट येत नाही. ही सगळी माणसं आली, त्यांना नीट घरी जाऊ दे. समीक्षाचं कामाचं बघ, तिच्या ऑफिसात माणसं कमी करतायत. ह्यांचा उजवा हात. काळुरामदादाचा राग. बायजामावशींचे गुडघे. सिलिंडर संपलाय, तो आज यायला हवा होता, आला नाही. मेघना मॅडमना बाळ व्हायचंय. आणि...” तिला पुढचं सुचेना. पलंगावर रत्नाकर काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून तिच्याकडे बघत होता. “आणि मला अजून बरंच काही कळत नाही. ते असू दे. पण तू ऐकत राहा.”

बायका आमेन म्हणाल्या. बायजामावशीही म्हणाल्या, जरा उशिरा.

चहा देताना शकूने आक्काला कोपऱ्यात गाठलं. “आक्का, बरोबर झालं का गं?”

“प्रार्थनेत बरोबर-चूक असतंय का?” आक्का म्हणाली. मग तिने चहाचा घोट घेतला. “पण सिलिंडरचं कशाला घातलंस मध्येच?”

“अगं, संपलाय ना,” शकू म्हणाली. “हा चहा मावशींच्या गॅसवर केलाय.”